कोयता गुडघ्याला लागला, टाके पडले; पण काप सांध्यात गेला की नाही, हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मोठा भाऊ, वय ३४, ऊसतोडीच्या टोळीत. काल संध्याकाळी पाचच्या सुमारास कोयता निसटून डाव्या गुडघ्याला लागला. वाटीच्या वर, जरा बाहेरच्या अंगाला, दोन इंचांचा काप. रक्त फडक्यानं दाबून थांबलं. जवळच्या गावातल्या डॉक्टरांनी जखम धुतली, चार टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आज दुपारी पाहिलं तर पट्टी ओली, पिवळसर चिकट पाणी, गुडघा सुजलेला. ताप नाही, पाय उचलता येतो. डॉक्टर म्हणाले, ‘लस येतेच, दोन दिवस बघू.’ आणि तुम्ही विचारताय की टाके पिकू नयेत म्हणून कोणतं मलम लावावं.

मलम राहू द्या. कोयता कातडीपुरता थांबला की सांध्याच्या आत पोचला, हा इथला खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर अजून कोणी शोधलेलंच नाही. जागा, हत्यार, पाणी आणि सूज या चारही गोष्टी एकत्र धरल्या तर सांधा उघडा आहे असंच मानून चालायला हवं. तो बंद आहे हे हाडांच्या सर्जननं तपासून सांगेपर्यंत. त्यामुळे आजच न्या, उद्या सकाळी नाही. जिथे ऑर्थोपेडिक सर्जन आणि रात्री चालू असणारं ऑपरेशन थिएटर आहे अशा ठिकाणी: जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा तशी सोय असलेलं खासगी. गाडी नसेल तर १०८. मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नका. गुडघा वाकलेला राहतो आणि प्रत्येक खड्ड्याला आतून पाणी ढकललं जातं.

निघण्यापूर्वी एवढंच करा. टाके तोडू नका, जखम दाबून पाणी काढू नका. वर स्वच्छ कोरडी जाळीची पट्टी ठेवा, पाय सरळ ठेवून मांडीपासून पोटरीपर्यंत मागून एखादी फळी किंवा जाड पुठ्ठा लावून सैलसर बांधा. आणि आत्तापासून खायला काही देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर जेवणानंतर किमान सहा तास थांबावं लागतं, आणि वाटेत खाल्लेल्या दोन वडापावांमुळे ऑपरेशन मध्यरात्रीपर्यंत लांबतं. साधं पाणी घोट घोट चालेल, भुलीच्या दोन तास आधीपर्यंत.

आता मी एवढा ठाम का आहे ते सांगतो.

गुडघा म्हणजे वाटी, असं आपण धरून चालतो आणि सांधा वाटीच्या मागे कुठेतरी आहे अशी कल्पना असते. प्रत्यक्षात सांध्याची पिशवी वाटीच्या वरही जाते, मांडीच्या स्नायूखालून साधारण तीन बोटं. पाय सरळ ठेवून वाटीच्या वरच्या कडेला तीन बोटं आडवी ठेवा. त्या तिन्ही बोटांखाली सांधाच आहे. तिथे कातडी, थोडी चरबी, स्नायूचा पातळ पदर आणि मग पिशवी. सडपातळ माणसात हे अंतर एक-दीड सेंटिमीटर. ऊस तोडणाऱ्या माणसाच्या अंगावर चरबी नसते आणि कोयत्याचं वजन आत जायला पुरतं. तुमच्या भावाचा काप नेमका या तीन बोटांच्या पट्ट्यात आहे.

टाके घालताना हे का दिसलं नाही? डॉक्टरांनी हयगय केली असं मला म्हणायचं नाही. यात एक साधा फसवा प्रकार आहे आणि तो माहीत नसेल तर भलेभले चुकतात. ऊस जमिनीलगत तोडायचा म्हणून माणूस ओणवा असतो, गुडघा चांगला वाकलेला. त्या क्षणी कातडी ताणून खाली ओढलेली असते. वार झाला, कातडी, स्नायूचा पदर आणि पिशवी तिन्ही एका रेषेत कापले गेले. मग माणूस दवाखान्यात टेबलावर झोपला, पाय सरळ. कातडी सैल होऊन वर सरकली, आतले पदर आपापल्या जागी गेले. आता कातडीच्या कापातून आत पाहिलं तर खाली अखंड पांढरट पदर दिसतो. त्याचं छिद्र एक-दोन सेंटिमीटर खाली किंवा वर, शाबूत कातडीआड लपलेलं. डॉक्टरांना वाटतं, ‘वरवरचा आहे,’ आणि ते टाके घालतात.

म्हणून गुडघ्याच्या जखमेला पहिला प्रश्न ‘कशानं लागलं’ हा नसून ‘लागलं तेव्हा गुडघा कसा होता’ हा असतो. आणि जखम भूल देऊन, गुडघा त्याच कोनात वाकवून आणि पुन्हा सरळ करून, दोन्ही स्थितीत आत पाहावी लागते. ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टर मित्रांनो, हा दोन मिनिटांचा भाग आहे. भुलीचा हिशेबही सांगून ठेवतो. साधं लिग्नोकेन किलोमागे साडेचार मिलिग्रॅमपर्यंत. ६० किलोच्या माणसाला २७० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्याचं सुमारे १३ मिली. तेच सलाईननं एक टक्क्यावर आणलं की दुप्पट जागा बधिर होते. मग घाईनं आत बोट घालायची वेळ येत नाही. बोट किंवा सळी आंधळेपणानं घालून खोली मोजणं तर टाळाच; नसलेली वाट त्यानं तयार होते.

आता ‘लस’. जखमेतून पहिल्या दिवशी थोडं पिवळसर पाणी येतंच, तुमचे डॉक्टर त्याबाबत चूक नाहीत. पण ती लस पट्टीवर लवकर वाळते, कडक होते, आणि २४ तासांत ओसरते. सांध्यातलं पाणी वेगळं असतं: अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत. हातमोजा घालून दोन बोटांत धरून बोटं अलग केली तर त्याची तार निघते. पट्टी बदलल्यावर तासा-दोन तासांत पुन्हा ओली होते, आणि चालल्यावर किंवा गुडघा वाकवल्यावर पाझर वाढतो. कधी कधी वाकवताना जखमेतून बुडबुडा येतो किंवा चुळुक असा आवाज होतो. यातलं काही असेल तर सांधा उघडा.

तरी केवळ पाण्यावरून शंभर टक्के सांगता येत नाही. रक्त मिसळलं की तार निघत नाही. उलट वाटीच्या अगदी समोर कातडीखाली एक छोटी स्वतंत्र पिशवी असते, तिच्यातलं पाणीही असंच चिकट असतं, आणि ती फाटली म्हणजे सांधा उघडला असं नव्हे. तुमच्या भावाचा काप वाटीच्या समोर नसून वर-बाहेर आहे, त्यामुळे ही पळवाट त्याला फारशी लागू नाही. घरी तार काढून बघत बसू नका. मी फरक कळावा म्हणून सांगतोय.

‘ताप नाही’ यावर विसंबू नका. सांध्यात जंतू शिरल्यानंतर ताप यायला एक-दोन दिवस लागतात, आणि पोटात आधीच प्रतिजैविक व वेदनाशामक गोळ्या असतील तर तो दबूनही राहतो. गोळीनं कातडीचा जंतुसंसर्ग रोखता येईल. बंद सांध्यात अडकलेली माती आणि पाचटाचे तुकडे गोळीनं निघत नाहीत. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पू झाला की जंतू आणि आपल्याच पांढऱ्या पेशींतून सुटणारी द्रव्यं मिळून ती कूर्चा काही दिवसांत खातात, आणि ती पुन्हा पूर्वीसारखी भरून येत नाही. ३४ व्या वर्षी कायमचा आखडलेला गुडघा ही त्याची किंमत.

‘पाय उचलता येतो’ हेही अर्धंच समाधान. पाय सरळ ठेवून टाच टेबलापासून वीतभर उचलता येते का, हे पाहतात ते मांडीचा स्नायू ते नडगी ही दोरी शाबूत आहे का हे कळण्यासाठी. वाटीच्या वरचा जाड पट्टा पूर्ण तुटला तर पाय उचलत नाही. पण अर्धा तुटला, किंवा केवळ बाहेरच्या बाजूचा भाग कापला गेला, तर उरलेल्यावर माणूस पाय उचलतो, आणि दोन आठवड्यांनी शौचाला उकिडवा बसताना उरलेलाही तुटतो. म्हणून उचलून दाखवण्याबरोबरच बसून, पाय लोंबकळत ठेवून, गुडघा पूर्ण सरळ करता येतो का आणि शेवटचे दहा-पंधरा अंश राहतात का, हेही पाहायचं असतं.

रुग्णालयात पोचल्यावर काय सांगायचं ते पाठ करून ठेवा: काल पाच वाजता, कोयता, मातीतला, गुडघा वाकलेला, टाके किती वाजता घातले, काय काय औषध दिलं, शेवटचं खाणं कधी, साखर आहे का, कशाची ॲलर्जी आहे का. गोळ्यांच्या पट्ट्या आणि इंजेक्शनची चिठ्ठी सोबत न्या. आणि स्पष्ट शब्दांत म्हणा, ‘सांध्यात गेलंय का ते पाहा.’ तसं म्हटलं नाही तर रात्रीच्या गर्दीत ‘टाके घातलेली जखम, ड्रेसिंग’ एवढी नोंद होऊन पट्टी बदलून परत पाठवलं जाऊ शकतं.

तिथे आधी एक्स-रे निघेल, समोरून आणि बाजूने असे दोन. एकच काढला तर दुसरा मागा. बाजूच्या एक्स-रेत वाटीच्या वर काळसर चंद्रकोर दिसली तर ती सांध्यात शिरलेली हवा, म्हणजे प्रश्न मिटला. कोयत्यानं मांडीच्या हाडाला किंवा वाटीला खाच पाडली असेल किंवा टवका उडाला असेल तर तोही दिसतो, आणि मग ते उघडं फ्रॅक्चर. एक्स-रेत काही नाही म्हणून सांधा बंद, असं मात्र होत नाही.

शंका उरली तर सीटी स्कॅन. आतली बारीक हवा त्यात एक्स-रेपेक्षा खूप चांगली पकडली जाते. सीटी करायचा असेल तर सांध्यात सुई घालण्याआधी करावा, कारण सुईबरोबरही हवा जाते आणि मग ती कोणाची हे कळत नाही.

सीटी नसेल तिथे सलाईनची परीक्षा. जखमेपासून दूर, निरोगी कातडीतून सांध्यात सुई घालतात. एरवी ती वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून जाते. तुमच्या भावाचा काप तिथेच आहे म्हणून आतल्या बाजूनं घालावी लागेल. आधी आतलं पाणी ओढून तपासणीला पाठवायचं. मग निर्जंतुक सलाईन भरत जायचं, गुडघा हळूहळू वाकवत-सरळ करत, आणि जखमेकडे डोळे लावून बसायचं. जखमेतून धार आली की सांधा उघडा. इथे चूक होते ती प्रमाणात. ५०-६० मिली भरून ‘काही आलं नाही’ म्हणून थांबतात. मोठ्या माणसाच्या गुडघ्यात १५० मिलीच्या पुढे भरल्याशिवाय ‘नाही’ म्हणायला अर्थ नाही. २० मिलीची सिरिंज आठ वेळा. दुखतं, म्हणून आधी भूल. आणि २४ तास उलटून गेले की रक्ताच्या गुठळीनं छिद्र बुजलेलं असू शकतं, तेव्हा ‘आलं नाही’ हे उत्तर आणखी कच्चं.

खरं सांगायचं तर जागा, सूज आणि चालू असलेला पाझर पाहता पुष्कळ सर्जन या परीक्षांत वेळ न घालवता सरळ थिएटरमध्ये नेतील, आणि ते योग्यच ठरेल. तिथे कमरेखाली भूल देऊन टाके काढतात, गरज पडली तर काप दोन्ही टोकांना वाढवतात, गुडघा वाकवून आतलं छिद्र शोधतात. सांधा दुर्बिणीतून किंवा उघडून कित्येक लिटर सलाईननं धुतात. तीनपासून नऊ लिटरपर्यंत, घाण किती त्यावर. मेलेले काठ कापून काढतात, पाचटाचा कण उरला नाही हे पाहतात, तुटलेला पट्टा जाड धाग्यानं जोडतात, पिशवी विरघळणाऱ्या टाक्यानं शिवतात. कातडी लगेच बंद करायची की दोन-तीन दिवस उघडी ठेवून मग शिवायची, हे आत काय दिसलं त्यावर अवलंबून, म्हणून ते मी इथे बसून सांगणार नाही. प्रतिजैविक शिरेतून सुरू होतं, बहुधा सेफाझोलिन २ ग्रॅम किंवा त्या गटातलं. मातीची जखम म्हणून सोबत आणखी एखादं लागतं. पाणी पिकलं नसेल तर शिरेतली औषधं एक-दोन दिवसांतच आवरतात. पू झाला असेल तर मामला आठवड्यांचा, आणि धुण्याचं ऑपरेशन पुन्हा करावं लागू शकतं. आज आणि परवा यात फरक आहे तो हा.

आणि आत पाहून सांधा बंदच निघाला तर? काही बिघडलं नाही. एक भूल आणि थोडा मोठा काप, एवढ्यावर भागलं.

आता ज्यांचा काप असा नाही पण जे हे वाचताहेत त्यांच्यासाठी गुडघ्याचा नकाशा, धावता. वाटीच्या समोर, मोटरसायकल घसरून फुटलेली कातडी: बहुतेक वेळा सांधा शाबूत, पण समोरची छोटी पिशवी फाटते आणि खडी, डांबर आत बसतं. वाटीच्या खाली: तिथला जाड पट्टा तुटला तर पाय उचलत नाही आणि एक्स-रेत वाटी वर सरकलेली दिसते. खाली-आतल्या बाजूला काप असेल तर नडगीच्या वरच्या भागावर हाताच्या पंज्याएवढा भाग बधिर राहतो. त्रासदायक, पण धोक्याचा नाही.

बाहेरच्या बाजूला गुडघ्याच्या जरा खाली जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या मानेला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. तिथला अर्ध्या इंचाचा कापही गंभीर. पायाचा अंगठा आणि पाऊल वर उचलून पाहा. पाऊल लुळं पडलं असेल तर नस कापली गेली असू शकते. हे बधिर करण्यापूर्वी पाहायचं आणि लिहून ठेवायचं, कारण भूल दिल्यानंतर आधी काय होतं हे कोणालाच कळत नाही. गुडघ्यामागची लवण सगळ्यात वाईट जागा, तिथे पायाची मुख्य रक्तवाहिनी. उसळून रक्त येत असेल तर मुठीनं जोर लावून दाबून धरा आणि न सोडता न्या. दाबूनही थांबत नसेल तरच मांडीला रुंद पट्टा करकचून आवळा आणि वेळ लिहून ठेवा. पाऊल गार, फिकट असेल तर रक्त थांबलं तरी धोका टळलेला नाही.

काट्याचं वेगळंच. बाभळीचा किंवा शिंदीचा काटा गुडघ्यात मोडला, वरचं छिद्र दोन दिवसांत बुजलं, आणि तीन आठवड्यांनी गुडघा सुजून बसला, असं होतं. एक्स-रेत काटा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. काच मात्र एक्स-रेत बहुधा दिसते, रंगीत असो की साधी.

साधा काप, जो सांध्यात गेलेला नाही हे नीट पाहून ठरवलंय, त्याचं काम सोपं आहे आणि त्यातला ऐंशी टक्के भाग धुण्याचा. घरी: आधी स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं सलग दाबायचं, मध्ये उचलून न बघता. मग पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली पाच-दहा मिनिटं. साबण भोवतीच्या कातडीला, जखमेत नको. हळद, चहापत्ती, टूथपेस्ट, राख, रॉकेल यातलं काही नाही. हळदीवर राग नाही, पण स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते आणि तिच्या पिवळ्या थराखाली जखम दिसत नाही. ती खरवडून काढण्यात रुग्णाचे हाल आणि डॉक्टरांचा अर्धा तास जातो. न पातळ केलेलं डेटॉल किंवा सॅव्हलॉन जखमेत ओतलं की जंतूंबरोबर आपल्या पेशीही मरतात. दवाखान्यात अर्धा ते एक लिटर सलाईन, २० मिलीची सिरिंज आणि १८ नंबरची सुई लावून, थोड्या जोरानं. नुसतं बीटाडिनचा बोळा फिरवणं म्हणजे धुणं नव्हे. खरचटून रुतलेलं डांबर आणि खडी पहिल्या दिवशीच भूल देऊन मऊ ब्रशनं घासून काढावी. राहिली तर कायमचे निळे-काळे ठिपके गोंदल्यासारखे राहतात.

गुडघ्यावरचा काप चिकटपट्टीनं किंवा गोंदानं बंद करून भागत नाही, पहिल्याच वाकण्यात उघडतो. ३-० नायलॉन, ताण असेल तिथे कातडीच्या दोन खोलींतून जाणारे उभे टाके. चेहऱ्याचे टाके पाचव्या दिवशी निघतात म्हणून गुडघ्याचेही आठव्या दिवशी काढा असा आग्रह धरणारे नातेवाईक भेटतात. गुडघ्याला १२ ते १४ दिवस. त्या वेळीही कातडीची ताकद मूळच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असते. आठवडा-दहा दिवस लांब ब्रेस किंवा मागून प्लास्टरची पट्टी (स्लॅब) लावून गुडघा सरळ ठेवायचा, पाय टेकवून चालायला हरकत नाही. दर दोन तासांनी मांडी आवळून पाच सेकंद धरायची, दहा वेळा, आणि घोटा वर-खाली हलवायचा. नाहीतर दोन आठवड्यांत मांडी उतरते. मातीनं भरलेली किंवा दिवसभर उघडी राहिलेली जखम घाईनं शिवून बंद करण्यापेक्षा धुऊन, ओल्या जाळीनं भरून, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिवलेली बरी. स्वच्छ, ताज्या, साध्या कापाला प्रतिजैविक गोळ्यांची गरज नसते, जरी त्या प्रत्येक चिठ्ठीवर दिसत असल्या तरी.

धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दोन समज पक्के बसलेत. एक, ‘दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं.’ नाही. लहानपणीचे सगळे डोस झाले असतील तर मातीच्या जखमेला शेवटच्या डोसनंतर पाच वर्षं उलटली असली तर एक, आणि स्वच्छ किरकोळ जखमेला दहा वर्षं उलटली असली तर एक. दोन, ‘इंजेक्शन घेतलं म्हणजे जखम पिकणार नाही.’ त्याचा पिकण्याशी संबंध नाही, ते फक्त धनुर्वातासाठी. २०१९ पासून सरकारी लसीकरणात टीटीच्या जागी टीडी आली आहे, म्हणजे सोबत घटसर्पाचंही संरक्षण. चिठ्ठीवर टीडी दिसलं तर वेगळं काही दिलं असं समजू नका. भावाचे लहानपणी तीन डोस झाले की नाही हे माहीतच नसेल, आणि कामासाठी फिरणाऱ्या कुटुंबांत ते बरेचदा माहीत नसतं, तर मातीच्या जखमेला लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, २५० युनिट, दुसऱ्या दंडात. उशीर झालेला किंवा घाण जास्त असेल तर ५००. लस दोन-तीन आठवड्यांनी काम करू लागते. मधले दिवस हे इंजेक्शन भरून काढतं. काल ते दिलं का, हे आज रात्री विचारा. लसीचा दुसरा डोस चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा महिन्यांनी, तोवर टोळी कोणत्या जिल्ह्यात असेल ते बघून कार्ड जवळ ठेवा.

घरी सोडल्यानंतरही पहिले दहा दिवस गुडघ्यावर लक्ष हवं. सूज सगळीकडून गोल भरत गेली, गुडघा पाच-दहा अंशही हलवू देईना, रात्री दुखण्यानं झोप लागेना, थंडी वाजून ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रात्री परत. लाली आणि सूज फक्त वाटीच्या समोर असेल आणि गुडघा थोडा थोडा बिनदुखता हलत असेल तर ती बहुधा समोरच्या पिशवीची, तुलनेनं सौम्य. तरी दुसऱ्या दिवशी दाखवा.

राहता राहिला कामाचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण टोळीत सगळ्यात आधी तोच निघणार. उचल घेतलेली, खाडा पडला तर पैसे कापले जाणार, म्हणून टाके असतानाच माणूस फडात उतरतो आणि टाके उसवून परत येतो. साध्या कापाला ओणवं होऊन कोयता चालवायला तीन ते चार आठवडे, सांधा धुतला असेल तर सहाच्या आसपास, पट्टा जोडला असेल तर तीन-चार महिने. हा आकडा तुमच्या सांगण्यावर मुकादम मानणार नाही. सर्जनकडून डिस्चार्जच्या कागदावरच ‘गुडघा वाकवण्याचं काम अमुक तारखेपर्यंत नाही’ असं तारखेसकट लिहून घ्या, त्याचा फोटो काढून मुकादमाला पाठवा, आणि मूळ कागद वहिनींकडे ठेवा, भावाकडे नको.